कुणीही हात न लावलेला कीबोर्ड

१

अग्रणी शेतमाल संघाच्या सांगलीतल्या हॉलमध्ये त्या दुपारी राजापुरी हळदीचा ऑनलाइन लिलाव असा काही रंगला होता, की मागं बसलेले शेतकरी तळहातावरची तंबाखू मळायची विसरले होते. लांबलांबचे व्यापारी आपापल्या पेढीवरून बोली लावत होते आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर भाव चढत होता. शेवटची काही मिनिटं उरली होती. "चढ गड्या, चढ!" कुणीतरी पडद्यालाच दम दिला.

आणि पडदा निळा झाला.

पाठोपाठ पुढच्या टेबलावरचा कॉम्प्युटर निळा झाला, मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता अख्खी रांग आडवी झाली. हॉलमध्ये असा गलका उठला, की बाहेर हमालांनी पोती खाली ठेवली.

मिलिंद खरात डोक्याला हात लावून उभा राहिला. संघाच्या सगळ्या कॉम्प्युटरांची जबाबदारी त्याच्यावर होती. लिलाव मधेच तुटला तर तो रद्द, असा नियम. म्हणजे हातातोंडाशी आलेला भाव गेला.

अध्यक्ष शंभूराज पाटील तरातरा त्याच्याकडं आले. "मिलिंदराव, हे तुमच्या राखणदारानं केलं."

राखणदार म्हणजे संघाच्या कॉम्प्युटरांवर पहारा देणारं सॉफ्टवेअर. ते मिलिंदनंच हट्टानं आणलं होतं. आधी कॉम्प्युटर कधी कोसळले नव्हते. पण त्याची नवी आवृत्ती आली आणि सांगली आणि कवठे महांकाळच्या कचेऱ्यांत कॉम्प्युटर वेळी-अवेळी कोसळायला लागले. कंपनीला फोन केला, की तिकडून एकच मंत्र मिळायचा: बंद करा, चालू करा. मिलिंद झोपेतसुद्धा "रीस्टार्ट करा" असं ओरडायचा, आणि त्याची बायको साक्षी उशी फेकून त्यालाच रीस्टार्ट करायची.

"साहेब, मी शोधतोय—"

"तुमी लय शोधलं. पुढचा लिलाव शुक्रवारी हाय. त्यात एक जरी डबडं निळं झालं, तर राखणदारबी जाईल अन् तुमीबी." अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "अन् मला येगळाच वास येतोय. नेमका भाव चढला अन् नेमकं तवाच पडलं? हे कुणीतरी मुद्दाम केलंय. आपल्यातलंच कुणीतरी."

२

अध्यक्षांनी साताऱ्याहून बोलावलेल्या कॅप्टन राजनंदिनी निंबाळकर आल्या त्या स्वतःची जीप चालवत. मांडीवर भडंगाची पुडी उघडी होती. सैन्याच्या सिग्नल विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता त्या कारखाने आणि पतसंस्थांमधल्या असल्या भानगडी सोडवत. मिलिंदला वाटलं, या येतील, कॉम्प्युटर उघडतील आणि भराभर काहीतरी टाइप करतील. कॅप्टननी कॉम्प्युटरकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पडतात कोणते ते सगळ्यांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "पडत नाहीत कोणते?"

मिलिंद गडबडला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानंही स्वतःला विचारला नव्हता. "मेढ्याच्या कचेरीतला एकही नाही. राखणदार तोच, आवृत्ती तीच, पण तिथं एकदाही नाही. आणि इथं सांगलीत वजनकाट्याच्या खोलीतला. धोंडिराम आप्पांचा."

"छान. आणि पडल्यावर कॉम्प्युटर मरताना काही बोलतो का?"

"दर वेळी एकच. कीबोर्ड. कीबोर्डाकडून उत्तर येईना म्हणून पडलो, असं सांगतो. म्हणून मी सगळे कीबोर्ड बदलले मॅडम. नवे कोरे. तरी पडतात."

"पडतो तेव्हा त्या कीबोर्डावर कोण काम करत असतं?"

मिलिंद बोटांवर तक्रारी मोजायला लागला. इतक्या तक्रारी त्यानं ऐकल्या होत्या. "चहा घेऊन आले तर पडलेला." "जेवून आले तर पडलेला." "बाहेर फोन घेतला, परत येतो तर पडलेला." पण "टाइप करता करता पडला" असं एकानंही म्हटलं नव्हतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "कुणीच नसतं."

कॅप्टननी भडंगाचा बकाणा भरला. "मग ज्याला कुणी हातच लावत नाही, तो कीबोर्ड रुसतो कुणावर?"

३

कचेरीत मात्र संशयित आधीच ठरला होता. चहावाली हरणाबाई.

"मी आले की पडत्यात म्हणं!" हरणाबाईंनी किटली टेबलावर आदळली. "त्या दिवशी तर म्हणाले, मावशी, शेगडी बंद करा, लाइटचा दाब कमी हुतोय. बंद केली. तरी पडलं. मी काय चेटकीण हाय व्हय, ताईसाहेब?"

"तुम्ही आलात की माणसं काय करतात, मावशी?"

"काय करणार? समदी हात पुढं करत्यात. एकाला बशी लागतीय, एकाला बिनसाखरेचा. मग गप्पा. चहाचं पाच मिनिटाचं काम, ह्येंच्या गप्पा संपत न्हाईत."

कॅप्टननी मान हलवली आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.

दुसरा संशयित होता लिलाव विभागाचा विश्वजीत. राखणदाराला त्याचा पहिल्यापासून विरोध. मिलिंदशी त्याची भर बैठकीत तू-तू मैं-मैं झालेली. आणि लिलाव मोडला, तेव्हा तो जागेवर नव्हता. हातात मोबाइल धरून गोदामामागं उभा असलेला हमालांनी पाहिला होता.

"घरचा फोन होता," विश्वजीत म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"घरी कोण आजारी?"

"न्हाई... म्हणजे, पाखऱ्या."

"पाखऱ्या कोण?"

विश्वजीतनं मिलिंदकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि शरण आला. "बैल हाय आमचा. शर्यत हुती त्या दिवशी. मोबाइलवर बघत हुतो. मॅडम, अध्यक्षांना सांगू नका, त्यांचा बैल आमच्यामागं राहिला."

मिलिंदला हसू आवरेना. कॅप्टन मात्र गंभीर होत्या. "शेवटी धावत आत आलात तेव्हा हॉलमध्ये काय दिसलं?"

"काय दिसणार? समदी श्वास रोखून भिंतीकडं बघत हुती. बोली तर व्यापारी लावतात, आपल्या मान्सांना शेवटी काय काम नसतंय. कुणी हाताची घडी घातलेली, कुणी गालाला हात लावलेला. अन् बघता बघता पडलं की."

कॅप्टन उठल्या. जाता जाता मिलिंदच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "चोर कधी येतो ते कळलं. आता त्याला आत कुणी घेतलं ते बघू. वजनकाटा कुठाय?"

४

धोंडिराम आप्पा वजनकाट्याच्या खोलीत देवासारखे बसलेले असत. कॉम्प्युटर त्यांना मुळातच नको होता. तो त्यांच्या खोलीत आणला, त्या दिवशी ते रजेवर गेले होते. आणि त्यांचाच तेवढा पडत नाही, म्हणून आता सगळी कचेरी त्यांच्याकडं वाकड्या नजरेनं बघत होती.

"माझा पडत न्हाई, हा काय माझा गुन्हा हाय?" आप्पा गुरगुरले. "संयोगिता ताई आल्या हुत्या मागं, म्हणाल्या, आप्पा, तुमच्या कॉम्प्युटरची जरा सोय करून देते. मी म्हणलं, सोय नगं अन् गैरसोय नगं. हात लावायचा न्हाई."

एवढ्यात बाहेर ट्रॅक्टर आला. आप्पा उठले, आणि उठता उठता खिशातून काहीतरी काढून त्यांनी सफाईनं कीबोर्डात खुपसलं. मिलिंदनं वाकून पाहिलं. हळकुंड! चांगलं जाडजूड, टोकाला घासून चपटं केलेलं हळकुंड. ते एका कळीच्या फटीत पाचरीसारखं बसलं होतं आणि कळ दाबलेली राहिली होती.

"आप्पा! हे काय?"

"तुझ्या राखणदाराचा उपाय," आप्पा दारातून ओरडले. "जरा उठलं की पडद्याला कुलूप लावतंय बेणं. मग परत तो मारुतीच्या शेपटाएवढा पासवर्ड घाला. इकडं ट्रॅक्टरवाला हॉर्न मारतोय, तिकडं माझी बोटं चुकत्यात. म्हणून हे. कळ दाबलेली असली की त्याला वाटतंय, आप्पा बसल्यात."

मिलिंदला रागही आला आणि हसूही. इतक्या निगुतीनं बसवलेली सुरक्षा एका हळकुंडानं चीत केली होती. त्यानं कॅप्टनकडं पाहिलं, तर त्यांचे डोळे चमकत होते.

"मिलिंद, पडद्याच्या कुलपाचा त्रास एकट्या आप्पांनाच होता?"

"नाही मॅडम. सुरुवातीला सगळेच ओरडत होते. रोज पाच-पन्नास फोन. मग..." तो थांबला. "मग एकदम बंद झाले. मला वाटलं, सवय झाली."

"सवय?" कॅप्टन हसल्या. "मिलिंद, बाकीच्यांचं हळकुंड कुठं आहे?"

५

संयोगिता घोरपडे संघाच्या प्रशिक्षण अधिकारी. सगळ्यांना कॉम्प्युटर शिकवलं ते त्यांनीच. कुणाची फाइल सापडेना, कुणाचा प्रिंटर कागद गिळतोय, की आधी "ताई!" अशी हाक जाई, मिलिंदचा नंबर नंतर. त्या आल्या त्या खरवसाचा डबा घेऊनच.

"मदत करायला मी कधीही तयार आहे," त्या म्हणाल्या. "पण मिलिंद ऐकेल तर ना. किती दिवस म्हणतेय, मला अ‍ॅडमिनचा पासवर्ड दे, प्रोजेक्टरचं जरा बघायचंय. देतच नाही."

"देता येत नाही ताई," मिलिंद म्हणाला. "राखणदाराची नवी आवृत्ती आल्यापासून प्रोग्रॅम घालायचा किंवा काढायचा, तर तो माझ्याच हातून. नियमच आहे."

"प्रोजेक्टर तर त्या लिलावात चांगला चालत होता म्हणे," कॅप्टन खरवसाची वडी मोडत म्हणाल्या. "बरं ते असू दे. उद्या सकाळी मी मेढ्याला निघालेय. तिथले कॉम्प्युटर पाहायचेत. येता का सोबत? तिथल्या लोकांना तुम्ही ओळखत असाल."

संयोगिताताईंचा चेहरा पडला. "मेढ्याला? नको बाई. मला गाडी लागते. कवठे महांकाळचा सरळ रस्ता आहे, तिथं हवं तितक्या वेळा चला. पण ती मेढ्याची वळणं! मेढ्याच्या लोकांना मी फोनवरूनच शिकवते. तिथं कधी पाय ठेवला नाही."

त्यांनी हे हसत हसत सांगितलं. मिलिंदही हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की कॅप्टननी वडी अर्धवट खाली ठेवलीय, आणि त्याचं हसू हळूहळू विरलं. सांगली. कवठे महांकाळ. मेढा नाही. आप्पा नाहीत.

नोकरीला लागला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याला जेवायला बोलावणाऱ्या या ताई. दुसरं कुणीही चाललं असतं.

ताई गेल्यावर तो म्हणाला, "मॅडम, चूक होतेय आपली. ताई लिलाव मोडतील? व्यापाऱ्यांना फितूर होतील?"

"फितूर कोण म्हणालं?" कॅप्टन उठल्या. "उद्या दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा. अध्यक्षांना सांगा, स्वतःचा लॅपटॉप घेऊन या. मेढा रद्द. ते फक्त विचारायचं होतं."

६

लिलावाच्या आदल्या दुपारी हॉल भरला. आप्पा, विश्वजीत, हरणाबाई, हिशेब विभागाची माणसं, सगळे होते. अध्यक्ष पुढं लॅपटॉप उघडून बसले. संयोगिताताई मागच्या रांगेत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

कॅप्टन मधोमध उभ्या राहिल्या. "सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर काहीतरी काम सुरू करा." कळा खडखडायला लागल्या. "आता हात वर!"

"ऑं?" अध्यक्ष म्हणाले.

"तुम्हीसुद्धा, साहेब. हात वर. मी सांगेपर्यंत खाली आणायचे नाहीत."

दरोडा पडल्यासारखी सगळी कचेरी हात वर करून बसली. हरणाबाईंनी किटलीसकट हात वर केला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. कुणीतरी खुदकन हसलं. मिलिंदच्या मानेवरून घाम ओघळत होता.

मग हिशेबाच्या टेबलावरचा एक कॉम्प्युटर निळा झाला. मग विश्वजीतचा. मग एकदम तीन. कीबोर्डाला कुणाचं बोटही लागलं नव्हतं, तरी लाह्या फुटाव्यात तसे कॉम्प्युटर पडत गेले.

"हात खाली," कॅप्टन म्हणाल्या. "अध्यक्षसाहेब, लिलाव कुणा शत्रूनं मोडला नाही. तो मोडला, कारण शेवटच्या मिनिटांना अख्ख्या हॉलनं एकाच वेळी हात बाजूला घेतले आणि पडद्याकडं पाहिलं. चहाला हेच होतं, जेवणाला हेच होतं. कीबोर्डावरचे हात थांबले, की कॉम्प्युटर पडतो. का? हात थांबले, की राखणदार खुर्ची रिकामी समजून पडद्याला कुलूप लावायला बघतो. त्याचा सगळ्यांना जाच होता. आप्पांनी त्याच्यावर हळकुंड शोधलं."

आप्पांनी छताकडं पाहिलं.

"बाकीच्यांना दिसणारं हळकुंड नव्हतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम आहे. माणसाचे हात थांबले, की तो अधूनमधून एक कळ दाबल्याचं सोंग करतो. म्हणजे कुलूप लागत नाही. काल संध्याकाळी मी हिशेबातल्या एका कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमांची यादी चाळली. मिलिंद, तुमच्या यादीत 'प्रिंटर मदत' असं काही दिसतं?"

"रोज दिसतं!" मिलिंद ओरडलाच. "मला वाटायचं, प्रिंटरबरोबर आलंय."

"मेढ्यात दिसतं?"

मिलिंदनं यादी आठवली. "नाही. तिथं तर प्रिंटर तेच आहेत."

"राखणदाराच्या जुन्या आवृत्तीला हे सोंग कळत नव्हतं. नवी जास्त हुशार निघाली. कीबोर्डाची कळ हललीच नाही आणि दाबल्याचा निरोप येतोय, म्हणजे चोर, असं म्हणून ती कीबोर्डच धरून ठेवते. तिकडं तो प्रोग्रॅम पुन्हा कळ दाबायला जातो. दोघं एकच दोर ओढतात, आणि मधल्या मधे कॉम्प्युटर जातो. आप्पांचा पडत नाही, कारण ते हळकुंड खरंखुरं कळ दाबतं, आणि तो प्रोग्रॅम त्यांनी आत येऊच दिला नाही. आता तो टाकणारी व्यक्ती कोण? जिला सगळे आपणहून कॉम्प्युटर सोपवतात. जी कवठे महांकाळला जाते, मेढ्याला कधीच जात नाही. आणि जिला तो प्रोग्रॅम गुपचूप काढायचा होता, पण राखणदाराच्या नव्या आवृत्तीमुळं काढता येत नव्हता, म्हणून जी बरेच दिवस अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत होती."

कुणी मागं वळून पाहायच्या आतच संयोगिताताई उभ्या राहिल्या.

"मी टाकला," त्या म्हणाल्या. मान खाली नव्हती. "लोक रडकुंडीला आले होते. कवठे महांकाळला एक शेतकरी खिडकीशी ताटकळत होता आणि आपल्या कचेरीतली मुलगी तिसऱ्यांदा पासवर्ड चुकली म्हणून रडायला लागली. मला बघवेना. कॉम्प्युटर पडायला लागले तेव्हा मला शंका आली. लिलाव मोडल्यावर खात्री पटली. काढायला बघत होते. बोलायचं धाडस झालं नाही. मिलिंद, तुझ्यावर बालंट आलं आणि मी गप्प राहिले. ते मात्र चुकलं माझं."

"चुकलं?" अध्यक्ष गरजले. "लिलाव बुडवला अन् चुकलं म्हणताय? मी आत्ताच्या आत्ता—"

"साहेब," विश्वजीत उठला. "माझ्या कॉम्प्युटरवर मीच टाकाय लावलं."

"मीबी," हिशेबातून कुणीतरी म्हणालं. "आम्ही समद्यांनी मागं लागून घातलं," दुसरं कुणीतरी. बघता बघता निम्मा हॉल उभा राहिला.

"गप बसा!" अध्यक्ष ओरडले. "असं चोरून कायबाय घालणारे समदे घरी जातील! माझ्या कॉम्प्युटरवर कवा आलं का हे?" आणि त्यांनी ऐटीत लॅपटॉप सगळ्यांकडं फिरवला.

तो निळा झाला होता.

सगळ्यांच्या माना लॅपटॉपकडं वळल्या.

"साहेब," संयोगिताताई अगदी हळू म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी तुम्ही केबिनमध्ये बोलावलं होतंत. म्हणालात, ताई, ते पोरांच्या कॉम्प्युटरवर टाकलंय ते माझ्याबी टाका, पासवर्ड ध्यानात राहत न्हाई."

अध्यक्षांनी लॅपटॉपकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, कॅप्टनकडं पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते असे हसले, की हसता हसता ठसका लागला. हरणाबाईंनी धावत जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हसण्यानं सगळ्यांचीच सुटका झाली.

"मिलिंदराव," ते डोळे पुसत म्हणाले, "तरास तुमाला झाला. तुमीच सांगा, काय करायचं."

मिलिंदला ताईंवर रागवायचं होतं, पण त्या रडणाऱ्या मुलीचा फोन त्यालाही आला होता. "नियम आहे, पाळावा लागेल," एवढं बोलून त्यानं तो ठेवून दिला होता. आता ते आठवून त्याला लाजल्यासारखं झालं.

"तो प्रोग्रॅम आज सगळीकडून काढतो," तो म्हणाला. "कुलूप जरा उशिरा लागेल असं करतो. आणि पासवर्डाऐवजी बोटाच्या ठशाची यंत्रं घेऊ, म्हणजे नुसतं बोट टेकवलं की उघडेल. ताईंना काढायचं कारण नाही, साहेब. त्यांना माझ्या विभागात द्या. लोक त्यांना सांगतात, मला सांगत नाहीत. त्यांनी मला सांगावं."

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

शुक्रवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटची मिनिटं आली, तसे सगळ्यांचे हात कीबोर्डावरून निघाले आणि डोळे भिंतीकडं लागले. भाव चढला. थांबला. पुन्हा चढला. मिलिंदनं डोळे मिटले आणि शिट्ट्या, टाळ्या कानावर आल्यावरच उघडले. गेल्या खेपेपेक्षा चढा भाव पडद्यावर ठळक उभा होता, आणि अध्यक्ष एका शेतकऱ्याला मिठी मारत होते.

कॅप्टन राजनंदिनी तेवढ्यात कुणाला न सांगता साताऱ्याच्या वाटेला लागल्या होत्या.

मिलिंद आपल्या टेबलाशी आला, तर तिथं संयोगिताताई उभ्या. पुढं जावं की नाही अशा विचारात.

"मिलिंद, लोकांच्या अजून काही अडचणी आहेत रे. राखणदाराच्याच. पण तू चिडशील."

मिलिंदनं शेजारची खुर्ची ओढून त्यांच्यापुढं ठेवली आणि खणखणणारा फोन बाजूला सारला.

"बसा ताई," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगा."

ताई बसल्या आणि बोलायला लागल्या. मग ते बोलणं बराच वेळ चाललं.